प्लॅन दोनशेचा, मोडेम चाळीसचा: बदलून कोणी द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात डिचोलीतल्या एका जुन्या चिरेबंदी घरात सहा वर्षांपूर्वी फायबर आलं. तेव्हा प्लॅन ४० एमबीपीएसचा होता. मध्यंतरी कंपनीने जवळपास त्याच पैशांत २०० एमबीपीएसचा प्लॅन चालू करून दिला, पण मोबाइलवर वेग पस्तीस-चाळिसाच्या पुढे जात नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, "मोडेम जुना आहे. ड्युअल बँडवाला हवा तर दोन हजार भरा." विचारणाऱ्यांचं म्हणणं असं की मोडेम त्यांनीच बसवला, प्लॅन त्यांनीच वाढवला, मग पैसे आम्ही का भरायचे? जुने मोडेम कंपन्यांनी आपणहून बदलून द्यायला नकोत का?

विकलेला वेग ज्या मोडेममधून जाऊच शकत नाही, तो मोडेम कंपनीने स्वतःच्या खर्चाने बदलला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र केवळ वय झालं म्हणून प्रत्येक मोडेम बदलावा, हे मला पटत नाही. तुमच्या घरातलं दुखणं मोडेमचंच आहे, हेही अजून ठरायचं आहे. मी तांब्याच्या तारांच्या काळापासून गोव्यात हीच कामं करतोय. "मोडेम जुना झालाय" हे कधी खरं निदान असतं, तर कधी फोन लवकर ठेवण्याची सोय.

आधी मोजा. मोबाइलवरचं स्पीड टेस्ट बाजूला ठेवा आणि लॅन केबलने लॅपटॉप थेट मोडेमला जोडून बघा. वाय-फाय बंद, घरातले बाकीचे फोन बंद. मग जो आकडा येईल तो बरंच काही सांगतो. एकशे ऐंशी-नव्वद आले तर लाइन ठीक, मोडेमचं फायबरकडचं अंगही ठीक, आणि गडबड वाय-फायमध्ये. आकडा ९४-९५ वर येऊन अडला आणि कितीही वेळा केलं तरी तिथेच राहिला, तर तो पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे. त्यातून याहून जास्त येणारच नाही. पण इथे लगेच मोडेमला दोष देऊ नका. बऱ्याच जुन्या मोडेमांत चारपैकी एकच पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे हजार एमबीपीएसचा असतो, बहुतेक वेळा पहिला. केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघा. केबलही बदलून बघा, कारण गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि शंभराला दोनच पुरतात. दोनच जोड्या क्रिंप केलेल्या केबली मी अजूनही घराघरांत पाहतो. उंदराने उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार कुरतडली तरी परिणाम बहुधा तोच होतो: नेट चालू राहतं आणि वेग मुकाट्याने शंभरावर येतो.

आकडा वर-खाली नाचत असेल, सकाळी दीडशे आणि रात्री नऊला वीस, तर मोडेम बदलून काडीचाही फरक पडणार नाही. एक तर फायबरमधून येणारा प्रकाश कमी झालाय, नाही तर कंपनीने स्वतःसाठी इंटरनेटकडे जाणारी पुढची लाइन गरजेपेक्षा बारीक घेतली आहे. प्रकाश तुम्हाला स्वतःला बघता येतो. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या पानावर लॉगिन केलंत की ऑप्टिकल किंवा पॉन अशा नावाखाली आरएक्स पॉवर, म्हणजे मोडेमपर्यंत पोचणारा प्रकाश दिसतो, डीबीएम या मापात. उणे १५ ते उणे २४ असेल तर निश्चिंत राहा. जीपॉनच्या (एक फायबर अनेक घरांत वाटण्याची नेहमीची पद्धत) नेहमीच्या मोडेमांची सहनशक्ती उणे २७ पर्यंत धरलेली असते, म्हणजे उणे २६ दिसत असेल तर आज नेट चालेल आणि पहिल्या मोठ्या पावसात लाल दिवा लागेल. त्याची कारणं आपल्याकडे झाडांवरच असतात. माडाचं चुडत केबलवर पडतं, खार आवरण कुरतडते, पोफळींवरून ओढलेली, खांबावरून घरात येणारी ड्रॉप केबल वाऱ्यात घासून घासून जाते. घरातही कपाट भिंतीला सरकवताना पॅच कॉर्ड, म्हणजे मोडेमला लागणारी फायबरची बारीक दोरी, काटकोनात मोडली की प्रकाश गेलाच. ही दुरुस्ती पूर्णपणे कंपनीची, आणि त्यासाठी मोडेमचे पैसे मागणं म्हणजे पाय दुखतोय म्हणून चष्मा विकणं.

आता वाय-फायकडे येतो, कारण तुमचा पस्तीस-चाळिसाचा आकडा मला तिकडचाच वाटतो. सहा वर्षांपूर्वी इथे बसवलेले बरेच मोडेम एकाच बँडचे, २.४ गिगाहर्ट्झचे आहेत. ड्युअल बँडवाल्यात त्याच्या जोडीला ५ गिगाहर्ट्झचा वेगवान बँडही असतो. त्यांचं वाय-फाय २००९ च्या मानकाचं, ज्याला ८०२.११एन म्हणतात. खोक्यावर ३०० एमबीपीएस छापलेलं असतं. तो आकडा दोन अँटेना, रुंद चॅनल आणि आजूबाजूला कोणीही नाही, अशा आदर्श जागेतला. शेजारपाजारची चार वाय-फाय मिसळली की चॅनल अर्धा करावा लागतो, मग अर्धा वेळ एकमेकांची वाट पाहण्यात जातो, आणि हातातल्या फोनवर चाळीस-पन्नास उरतात. म्हणजे मोडेम बिघडलेला नाही. तो चाळीसच्या प्लॅनसाठी निवडला होता आणि चाळीसचं काम नीट करतोय. त्याच्यावर दोनशेचा प्लॅन विकणाऱ्याला हे माहीत होतं, निदान माहीत असायला हवं होतं. मोडेमचं मॉडेल त्यांच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे लिहिलेलं असतं.

जबाबदारीची रेघ मी अशी ओढतो: मोडेम ज्या खोलीत आहे त्या खोलीत, बऱ्यापैकी नव्या फोनवर, प्लॅनचा मोठा हिस्सा मिळायलाच हवा. तो मिळत नसेल तर मोडेम कंपनीने बदलावा. भिंतीपलीकडे काय मिळतं, ते घर कसं बांधलंय यावर आहे आणि तो खर्च ग्राहकाचा. कंपन्यांच्या अटींमध्ये "वेग केबलवर मोजला जाईल" असं बारीक अक्षरात असतं, पण वाय-फायवाला मोडेम देऊन, जाहिरातीत मोबाइल धरलेलं कुटुंब दाखवून, मग केबलकडे बोट दाखवायचं हे मला मान्य नाही.

भिंतींचं मात्र खरं सांगायला हवं, नाही तर दोन हजार भरून, किंवा भांडून फुकट मिळवूनही, तुम्ही तिथेच राहाल. चिऱ्याची दीड-दोन फुटांची भिंत ५ गिगाहर्ट्झला फारशी दाद देत नाही. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते, मग आणखीच वाईट. नवा ड्युअल बँड मोडेम वसरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत लावला की वसरीत दोनशे मिळतील, आतल्या सालात (बैठकीच्या खोलीत) शंभर, आणि मागच्या स्वयंपाकघरात फोन पुन्हा २.४ वर जाऊन तेच जुने आकडे दाखवेल. त्यात आपल्याकडे बसवणारे मोडेम नेहमी खांबाच्या बाजूच्या खिडकीशी ठेवून जातात, म्हणजे घराच्या अगदी कडेला. त्यांची दहा मीटर केबल वाचते, तुमचं अर्धं घर जातं. मोडेम बदलायला माणूस आला की आधी जागा बदलून घ्या.

घर मोठं असेल तर मेशचे, म्हणजे एकमेकांना वाय-फाय पुढे पोचवणारे, दोन-तीन डबे विकत घेण्याआधी लॅन केबलचा विचार करा. बिनतारी मेशलाही त्याच भिंतीतून जायचं असतं. कौलारू घरात आतल्या भिंती बऱ्याचदा छपरापर्यंत गेलेल्या नसतात. वाशांच्या कडेने केबल मागच्या खोलीत उतरवता येते, भिंतीला भोकही पाडावं लागत नाही. तिकडे एक साधा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वाय-फाय देणारा डबा, लावला की काम झालं. हे काम गावातला सीसीटीव्ही बसवणारासुद्धा करून देतो. चवथीला मुंबई-पुण्याहून सगळी पाहुणेमंडळी आली की घरात एकदम वीस-पंचवीस फोन होतात, आणि आषाढात ठणठणीत असलेला मोडेम भाद्रपदात अचानक "जुना" होतो. त्या आठवड्यातल्या तक्रारींवरून कोणी मोडेम बदलू नये, एवढंच माझं म्हणणं.

कंपन्या आपणहून का बदलत नाहीत, याचं कारण तंत्रातच आहे. अमेरिकेत घराघरांत केबल टीव्हीच्या तारेवरून इंटरनेट येतं. तिथल्या जुन्या मोडेमांना एकाच चॅनलवर बोलता येत असे. २००६ मध्ये डॉक्सिस ३.० हे मानक आलं आणि अनेक चॅनल एकत्र बांधता येऊ लागले. पण जुने मोडेम त्या एकाच चॅनलवर गर्दी करून बसले, आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांनाही होऊ लागला. त्यामुळे जुने मोडेम काढून टाकण्यात तिथल्या कंपन्यांचा स्वतःचा फायदा होता. फायबरमध्ये तसं नाही. जीपॉनच्या एका फायबरवर खाली येणारे सुमारे अडीच गिगाबिट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. गावातल्या केबलवाल्यांकडे बऱ्याचदा ईपॉन ही दुसरी पद्धत असते, तिथे सव्वा गिगाबिट. प्रत्येक मोडेमला बोलायची वेळ ठरवून दिलेली असते. तुमचा मोडेम जुना असल्याने शेजाऱ्याचं काही बिघडत नाही, कंपनीचंही नाही. उलट तुम्ही दोनशेचे पैसे भरून चाळीस वापरलेत तर त्यांची पुढची लाइन मोकळी राहते. आता सांगा, आपणहून फोन कोण करणार?

तांब्यावर मामला आणखी वेगळा होता. बीएसएनएलने २००५ च्या जानेवारीत ब्रॉडबँड सुरू केलं ते टेलिफोनच्या तारेवर. नंतरच्या एडीएसएल२+ ची कागदावरची मर्यादा २४ एमबीपीएस होती, आणि ती एक्स्चेंजच्या दारात. चार किलोमीटरवरच्या वाड्यात त्यातला थोडाच हिस्सा पोचायचा. तिथे नवा मोडेम म्हणजे निव्वळ फसवणूक, कारण अडसर तारेचा होता. अजूनही कुणाकडे अशी लाइन चालू असेल आणि कोणी चांगला मोडेम विकायला आला, तर पैसे देऊ नका. फायबर मागा.

वेगापेक्षाही मोडेम बदलण्याचं वजनदार कारण मला सुरक्षेचं वाटतं, आणि त्याबद्दल ग्राहक जवळपास कधीच विचारत नाहीत. कंपनीचा मोडेम कंपनी दूरून चालवते. त्यासाठी टीआर-०६९ नावाची पद्धत आहे. मोडेमचं आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, तिकडूनच बदलतं. मुख्य पासवर्ड बहुतेकदा तुमच्याकडे नसतोच. ही वाट नीट राखली नाही तर काय होतं ते दोनदा दिसलं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर एका हल्ल्यात कोलमडले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये आपल्याकडे बीएसएनएलचे हजारो मोडेम निकामी झाले. कारखान्यातून आलेला अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन हाच पासवर्ड त्यांच्यावर तसाच राहिला होता. जो मोडेम बनवणाऱ्याने सोडून दिला आहे, ज्याला नवं फर्मवेअर येणं थांबलं आहे, तो चाळीसच्या प्लॅनवर छान चालत असला तरी कंपनीने बदलावा. किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या की राखणही स्वतःकडे आली. मोडेमच्या पानावर फर्मवेअरची आवृत्ती दिसते, काही वेळा तारीखही. ती तुमचं कनेक्शन आलं त्याच वर्षाची असेल तर तक्रारीत तेवढं जरूर लिहा.

"मग मीच चांगला आणून लावतो" असं म्हणणारेही भेटतात. राउटर लावू शकता, खुशाल लावा. फायबर ज्यात शिरतं तो भाग मात्र कंपनीच्या यंत्रावर सिरीयल नंबरने नोंदवावा लागतो आणि ती नोंद कंपनीच करते. बाजारातून आणलेला असा फायबरचा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, तशी नोंद होईपर्यंत नुसता दिवे लावून बसतो. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचं उपकरण लावायचा कायदेशीर हक्क आहे, तिथे कंपनीचं जाळं भिंतीवरच्या सॉकेटपाशी संपतं. आपल्याकडे व्यवहारात ते मोडेमच्या लॅन पोर्टापाशी संपतं. म्हणूनच मोडेम हा कंपनीच्या लाइनचा शेवटचा तुकडा आहे, असं मी धरून चालतो. मधला रस्ता असा: जुना मोडेम नुसता फायबर घेण्यापुरता ठेवायचा, त्याला ब्रिज मोडवर (त्याचं राउटरचं काम बंद करून) टाकायला सांगायचं आणि गिगाबिट पोर्टातून स्वतःचा राउटर जोडायचा. गिगाबिट पोर्ट धड असेल तर यात पैसे वसूल होतात.

आभाळातल्या विजेचं काय, हा गोव्यात सुटत नाही असा वाद. मेमधल्या वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात मोडेम जळतात. कंपनी म्हणते वीज तुमच्या घरातून आली. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही हे खरं. ती अ‍ॅडॅप्टरमधून येते, किंवा बाहेरून ओढलेल्या लॅन केबलमधून. पण आधाराला स्टीलची तार असलेली ड्रॉप केबल खांबावरून थेट घरात आणली असेल तर ती कंपनीची करणी. बाहेरच्या बाजूला ती स्टीलची तार कापून वेगळी केली आहे का ते बघा. आणि "मेलेला" मोडेम फेकण्याआधी अ‍ॅडॅप्टर बदलून बघा. व्होल्ट तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावांत अ‍ॅडॅप्टर आधी म्हातारा होतो: चार फोन जोडले की मोडेम स्वतःच बंद-चालू होतो, आणि लोक समजतात मोडेम गेला.

हा प्रश्न मी दुसऱ्या बाजूनेही पाहतो, कारण गावातल्या छोट्या ऑपरेटरचा हिशेब मला माहीत आहे. सगळ्यांचे मोडेम सरसकट बदला म्हटलं तर तो पैसा शेवटी भाड्यातूनच निघणार. सत्तरी तालुक्यातलं एक घर, मुलगा तारवटी (खलाशी) म्हणून जहाजावर आणि घरी आई एकटी, तीसचा प्लॅन, रात्री एक व्हिडिओ कॉल. तिचा मोडेम धडधाकट असेल, फर्मवेअर ताजं असेल, तर त्याला हात लावू नये. बदलला की वाय-फायचं नाव बदलतं, टीव्ही सुटतो, कॅमेरा सुटतो, आणि ते जोडून द्यायला कोणी परत येत नाही. ज्यांचा मोडेम बदलणार असेल त्यांनी तंत्रज्ञाला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवायला सांगा. जुने कॅमेरे फक्त २.४ वर चालतात आणि डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत त्यांना उमगत नाही, म्हणून २.४ वर जुनी डब्ल्यूपीए२ राहू द्या.

तुमच्या पैशांचं उत्तर पहिल्या बिलात आहे. परत मिळणारी अनामत असं लिहिलं असेल तर मोडेम कंपनीचा, बदलायचा खर्चही त्यांचाच. मोडेमचे पैसे घेऊन बिल दिलं असेल तर तो तुमचा, हे खरं. पण मग वेग वाढवताना "तुमच्या मोडेमवर हा मिळणार नाही" हे सांगणं त्यांचं काम होतं. कायद्याची व्याख्या इथे मदतीला येणार नाही: जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २ एमबीपीएस पुरतात. तुमचा दावा करारातल्या दोनशेवर आहे, म्हणजे सेवेतल्या त्रुटीचा. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तिथवर जायची वेळ बहुधा येत नाही.

तोंडी भांडू नका. कंपनीच्या तक्रार केंद्रात लेखी तक्रार घाला आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: केबलवर आलेला वेग आणि वेळ, मोडेमच्या शेजारी उभं राहून मोबाइलवर आलेला वेग, मोडेमचं मॉडेल, आरएक्स पॉवर. स्क्रीनचे फोटो जोडा. मागणी अशी करा: विकलेल्या प्लॅनला पुरेल असा मोडेम विनामूल्य द्या, नाही तर या मोडेमवर मिळेल त्या वेगाच्या प्लॅनचंच भाडं लावा. या दुसऱ्या पर्यायावर बऱ्याचदा गाडी हलते, कारण भाडं कमी करण्यापेक्षा एक मोडेम देणं त्यांना स्वस्त पडतं. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा, त्यानंतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नवा मोडेम आला की जुना रीसेट करून परत द्या आणि परत दिल्याची पोच सिरीयल नंबरसह लेखी घ्या. कनेक्शन बंद करताना अनामत अडते ती नेमकी याच कागदावाचून.